तोतयाला दिलेला मोबदला मालकाच्या नावावर लिहू नका

महामार्गात, रेल्वेत किंवा धरणात जमीन गेलेला खातेदार भूसंपादन कार्यालयात चौकशीला जातो आणि त्याला सांगितले जाते, ‘तुमच्या गटाचे वाटप झाले आहे.’ तो म्हणतो, मी तर एक रुपयाही घेतलेला नाही. मग फाइल निघते. तिच्यात त्याच्या नावाचे आधार कार्ड असते, पण फोटो भलत्याच माणसाचा. संमतीपत्र आणि हमीपत्र त्याच्याच नावाचे, पण त्यावरचा अंगठा दुसऱ्याचा. पासबुकाची झेरॉक्सही त्याच्या नावाची, पण त्या शाखेत त्याने कधी पाऊल टाकलेले नसते. यापुढचा सल्ला ठरलेला आहे: पोलिसांत तक्रार द्या, दिवाणी दावा लावा, आदेश आणा, मग बघू.

हा सल्ला मुळातच चुकीचा आहे. जमीन घेतली सरकारने, किंमत ठरवली सरकारने, कोणाला द्यायची हेही सरकारनेच ठरवले. तोतयाने फसवले ते सरकारला. मालकाशी त्याचा काही व्यवहारच झालेला नाही. त्यामुळे मालकाचे देणे बाकी आहे आणि ते व्याजासह फेडून तोतयाकडून वसुली करणे ही सरकारची जबाबदारी आहे. चुकीच्या वाटपाचा भार जोपर्यंत मालकाच्या खांद्यावर टाकता येतो, तोपर्यंत माणसाची ओळख पटवण्याचे काम कोणतेही कार्यालय मनापासून करणार नाही. कागदपत्रांची यादी वाढवून ही चोरी थांबलेली नाही. चूक करण्याची किंमत जो चूक करतो त्याच्याकडे गेली, तरच ती थांबेल.

चोरांची नजर मोबदल्यावरच का जाते, हे साध्या हिशोबाने कळते. ग्रामीण भागातल्या एका जमिनीचा बाजारभाव हेक्टरी १० लाख रुपये धरा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार ग्रामीण भागात बाजारभावाला १ ते २ च्या दरम्यानचा गुणक लागतो आणि आलेल्या रकमेवर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. गुणक २ असेल तर १० चे २० आणि २० चे ४० लाख होतात. त्याशिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशापर्यंत, बाजारभावावर वर्षाला १२ टक्के. थेट खरेदीने जमीन दिली तर महाराष्ट्रात २५ टक्के वाढीव रक्कम देण्याची पद्धत आहे. म्हणजे जी जमीन खोट्या खरेदीखताने विकून चोराला जेमतेम १० लाख मिळाले असते, तिच्यावर निवाड्याच्या दिवशी ४० लाखांहून अधिक रक्कम उभी राहते.

त्यात एक मोठा फरक आहे. खासगी व्यवहारात घेणारा स्वतःचे पैसे घालतो. तो शेतावर जातो, बांधावरच्या शेजाऱ्याला विचारतो, तीस वर्षांचा शोध अहवाल काढतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो आणि तरीही इसार देताना बिचकतो. भूसंपादनात घेणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. तपासणाऱ्या अधिकाऱ्याची बदली तीन वर्षांत होते आणि फाइलवर सहा-सात सह्या असल्यामुळे कोणाचीच सही कोणाला बांधत नाही.

ही फाइल कशी तयार होते ते नीट पाहिले पाहिजे, कारण दोष तिथेच आहे. संयुक्त मोजणी झाली की कोणत्या गटातले किती आर क्षेत्र जाणार हे ठरते. त्या क्षेत्रासमोर नाव येते ते सातबाऱ्यावरचे. गाव नमुना सातवर खातेदाराचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि क्षेत्र असते. जन्मतारीख, फोटो, पत्ता, आधार यांपैकी काहीही नसते. हे नाव कोणत्या देहाचे आहे हे सातबारा सांगूच शकत नाही. ज्या गावात एकाच भावकीत तीन पांडुरंग असतात आणि तिघांच्याही वडिलांचे नाव विठ्ठल असते, तिथे सातबाऱ्यावरून कोणाचीही ओळख पटत नाही. त्यात हे नाव चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचे असू शकते. ते ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून लागलेल्या थोरल्या भावाचे असू शकते आणि खरे हिस्सेदार सहा असू शकतात. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे या नोंदी खोट्या ठरेपर्यंत खऱ्या मानायच्या असतात. मालकीचा अंतिम पुरावा त्या नाहीतच.

दुसऱ्या टोकाला असते आधार. आधार एवढेच सांगते की या बोटांच्या ठशांच्या माणसाने आपले नाव अमुक नोंदवले आहे. गट नंबर २१७ मधला खातेदार हाच, असे आधार कधीच म्हणत नाही. नाव आणि देह यांना जोडणारा दुवा सरकारच्या कोणत्याही एका दप्तरात नाही. तो दुवा जोडायचा म्हणून फाइलमध्ये तीन कागद येतात: तलाठ्याचा (आता ग्राम महसूल अधिकारी) अहवाल किंवा पंचनामा, प्रतिज्ञापत्र आणि ओळख देणाऱ्याची सही. सगळी चोरी या तीन कागदांत होते.

पंचनामा शेतावर किंवा गावात जाऊन, शेजारच्या खातेदारांना बोलावून व्हायला हवा. प्रत्यक्षात अनेकदा तो कार्यालयात टंकलेला तयार असतो आणि पंच म्हणून त्याच दोन-तीन माणसांच्या सह्या शेकडो पंचनाम्यांवर सापडतात. प्रतिज्ञापत्र नोटरीपुढे होते. नोटरीच्या नोंदवहीत अनुक्रमांक, तारीख, सही असते, पण ती नोंदवही कोणी मागवत नाही. ओळख देणारा बहुधा वकील किंवा कार्यालयाच्या आवारात रोज दिसणारा मध्यस्थ असतो. म्हणजे तोतयाच्या ओळखीची साखळी पूर्णपणे तोतयाने आणलेल्या कागदांची असते. सरकारच्या स्वतःच्या दप्तरातला एकही स्वतंत्र कागद तिला छेद देत नाही.

बँकेच्या टप्प्यावर तरी चोरी पकडली जाईल असे अनेकांना वाटते. ती पकडली जात नाही. भारतात एनईएफटी आणि आरटीजीएसचे पैसे वर्षानुवर्षे फक्त खाते क्रमांकावर जमा होत आले. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पासून लाभार्थ्याचे नाव दाखवण्याची सोय बँकांना सक्तीची केली. सोय चांगली आहे, पण तोतयाविरुद्ध ती निरुपयोगी आहे. कारण तोतया स्वतःच्या नावाचे खाते देतच नाही. तो बदललेल्या आधारावर मालकाच्या नावाने नवे खाते उघडतो, त्यामुळे नाव तंतोतंत जुळते. राष्ट्रीय महामार्गांच्या भूसंपादनासाठीचे ‘भूमी राशी’ पोर्टल आणि सरकारी पैसे थेट खात्यात पाठवणारी सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली यांनी पैशाचा प्रवास जलद केला, मधले खाते बंद केले, हेही खरेच. पण चुकीचे नाव वर चढवले तर ती यंत्रणा चुकीच्या माणसाला तितक्याच वेगाने पैसे पोचवते.

आता हे रोखायचे कसे? मालकाकडून आणखी एक प्रतिज्ञापत्र घेऊन नाही. दर घोटाळ्यानंतर यादीत दोन कागद वाढतात, आणि त्याचा त्रास फक्त खऱ्या शेतकऱ्याला होतो. तोतयाचे कागद नेहमी पूर्ण असतात. उलट अपुरे कागद, नावातला फरक, आधारवर ‘बाळू’ आणि सातबाऱ्यावर ‘बाळासाहेब’ असणे, ही बहुतेक वेळा खऱ्या माणसाचीच खूण असते. निर्दोष फाइल पाहून निर्धास्त होण्याची सवय कार्यालयांनी सोडली पाहिजे.

छेद देणारे पुरावे सरकारकडे आणि गावात पडून आहेत. खऱ्या खातेदाराचे बहुधा गावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीत पीककर्जाचे खाते असते आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्याचा बोजा असतो. पीएम किसानचे हप्ते कोणत्या खात्यात जातात याची नोंद आहे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू आहे; त्या गटातले पीक कोणी, कोणत्या मोबाइलवरून, शेतात उभे राहून नोंदवले हे दप्तरात आहे. त्याने किंवा त्याच्या वडिलांनी पूर्वी खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र नोंदवले असेल तर दुय्यम निबंधकाकडे त्याची सही किंवा अंगठा आहे. मतदार यादीत घरातल्या माणसांची नावे आणि वये आहेत. दावेदाराने मोबदल्यासाठी दिलेले बँक खाते यांपैकी कशाशीही जुळत नसेल, शाखा दोन जिल्हे पलीकडची असेल आणि खाते निवाड्यानंतर उघडलेले असेल, तर फाइल तिथेच थांबायला हवी. खाते कधी उघडले ही एक तारीख बँकेकडून लेखी मागवली तरी अनेक तोतये गळून पडतील. सहा महिन्यांपेक्षा नव्या खात्यात मोबदला जमा करायचा असेल तर दावेदाराने समक्ष हजर राहून जुन्या खात्याचा पुरावा द्यावा, असा नियम करायला कायदा बदलावा लागत नाही. ज्याचे कधी खातेच नव्हते असा म्हातारा शेतकरी असेल, तर त्याचे खाते गावाला लागून असलेल्या शाखेत तलाठी आणि सोसायटीच्या सचिवासमोर उघडावे.

आधार तपासायचे असेल तर छापील कार्ड पाहणे बंद करावे. रंगीत कार्डावर फोटो बदलणे हे संगणकावरचे दहा मिनिटांचे काम आहे. कार्डावरच्या क्यूआर कोडमधील माहितीवर डिजिटल स्वाक्षरी असते. आधार प्राधिकरणाच्या ॲपमधून तो वाचला की खरे नाव आणि फोटो समोर येतात आणि फेरफार केलेले कार्ड उघडे पडते. किरकोळ किमतीच्या सिमकार्ड विक्रीला बोटाचा ठसा घेतला जातो आणि ४० लाखांच्या वाटपाला झेरॉक्स चालते, हे कोणत्या तर्काने? दावेदाराचा ठसा आणि समक्ष काढलेला फोटो फाइलला जोडायला खर्च नगण्य आहे. शिवाय पुढे गुन्हा दाखल झालाच तर पोलिसांच्या हातात तोच सर्वांत मोठा पुरावा असतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्ताच्या वेळी फोटो आणि ठसे घेतलेच जातात. तिथे दुसऱ्याच्या नावाने उभे राहणाऱ्याला नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. थेट खरेदीत दस्त नोंदवला जातो म्हणून तिथे निदान हा एक अडसर असतो. निवाड्याने होणाऱ्या संपादनात दस्तच होत नाही, तेव्हा हा अडसरही जातो, आणि त्याच्या जागी दुसरा कोणी उभा केला नाही.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक तपासणी मात्र गावच करू शकते. वाटपाआधी पंधरा दिवस प्रत्येक गटाचा तक्ता लागावा: गट नंबर, जाणारे क्षेत्र, सातबाऱ्यावरचे नाव, दावा करणाऱ्याचे नाव आणि फोटो, हिस्सा, रक्कम. तो चावडीवर, ग्रामपंचायतीत आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लागावा आणि ग्रामसभेत वाचला जावा. तोतया कितीही तयारीचा असला तरी बांधाला बांध असलेल्या माणसाला तो फसवू शकत नाही. कोतवाल आणि पोलीस पाटील दोघांनाही ठाऊक असते की तो खातेदार कधीच वारला, किंवा सुरतेला असतो. आधार आणि खाते क्रमांक छापायचे कारण नाही, आणि नाव, क्षेत्र, रक्कम ही माहिती निवाड्यात असतेच, त्यामुळे गोपनीयतेचा आक्षेप टिकत नाही. यादी जाहीर केली तर चोरांना सावज कळेल, असेही म्हणतात. चोरांकडे ती यादी आधीच असते. कोणाच्या रकमा पडून आहेत, कोणाच्या नोटिसा ‘पत्त्यावर राहत नाही’ म्हणून परत आल्या, हे कार्यालयातून बाहेर पडल्याशिवाय तोतया उभा राहूच शकत नाही. ठाणे जिल्ह्यात मुंबई–वडोदरा महामार्गाच्या मोबदल्यात तोतये उभे करून कोट्यवधी रुपये उचलल्याचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा महसूल खात्यातली माणसेही आरोपी झाली, यात आश्चर्य नव्हते. यादी आज जर कोणाला कळत नसेल, तर ती मालकाच्या चुलत भावाला आणि शेजाऱ्यालाच.

इतकी तपासणी केली तर रस्ते रखडतील, असा आक्षेप प्रत्येक आढावा बैठकीत निघतो. कायदा वाचला तर तो उरत नाही. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमात ताबा घेण्यासाठी मोबदल्याची रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्या भूसंपादनासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जमा झालेली असणे पुरते. कलम ३-ह प्रमाणे ती जमा झाली की ताब्याची ६० दिवसांची नोटीस निघू शकते. ती रक्कम खातेदाराच्या हातात कधी पडते यावर रस्ता अवलंबून नाही. त्याच कलमात म्हटले आहे की हिश्शाबद्दल वाद झाला तर सक्षम प्राधिकाऱ्याने तो मुख्य दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा. उत्तर प्रदेशातल्या मऊ जिल्ह्याच्या प्रकरणात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. २०१३ च्या कायद्याच्या कलम ७७ मध्येही, घेणाऱ्याच्या हक्काबद्दल वाद असेल तर रक्कम भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा करण्याची वाट आहे. मग घाई कशाची? घाई आहे ती टक्केवारीची. अमुक तालुक्यात ६८ टक्के वाटप, तमुक तालुक्यात ९१ टक्के, असा तक्ता पडद्यावर येतो आणि ६८ वाल्या अधिकाऱ्याची झाडाझडती होते. त्या ९१ मध्ये किती रक्कम चुकीच्या हातात गेली, हा रकाना त्या तक्त्यात नसतो. तो घातला पाहिजे.

या चोरीचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. तोतया पैसे घेतो तेव्हा दर मान्य करूनच घेतो. कलम ७७ प्रमाणे ज्याने निषेध न नोंदवता रक्कम स्वीकारली त्याला कलम ६४ खाली वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येत नाही. त्या अर्जाला मुदतही आहे: निवाड्याच्या वेळी हजर असणाऱ्याला सहा आठवडे, गैरहजर असणाऱ्याला नोटिशीपासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी असेल ते. फाइलमध्ये खातेदार हजर होता, त्याने संमती दिली आणि रक्कम घेतली असे लिहिलेले असते. त्यामुळे खरा मालक वर्षभराने आला तर मूळ रक्कम जातेच, जादा दर मागण्याचा दरवाजाही बंद झालेला दिसतो. खोट्या संमतीला संमती मानून मुदत मोजणे हा उघड अन्याय आहे. बनावटपणा सिद्ध झाल्यास मुदत मालकाला कळल्याच्या दिवसापासून मोजावी, असे स्पष्टीकरण शासनाने द्यायला हवे.

आता मूळ प्रश्नाकडे. कार्यालये मालकाला दिवाणी न्यायालयात पाठवतात ती कलम ७७ च्या एका परंतुकाच्या, म्हणजे कलमाला जोडलेल्या पोटतरतुदीच्या आधारे. ज्याला मोबदला मिळाला, त्याची तो कायदेशीर हक्कदाराला देण्याची जबाबदारी संपत नाही, असे तो परंतुक सांगतो. भावाभावांत, कूळ आणि मालकात, गहाणदार आणि गहाण टाकणाऱ्यात हिश्शाचा वाद असेल तर हे बरोबर आहे. तिथे पैसे घेणाऱ्याला काहीतरी हितसंबंध असतो आणि त्याच्याकडून वसूल करता येते. तोतयाचा जमिनीशी संबंधच नसतो. त्याला शोधायचे कुठे, त्याच्याकडून वसूल काय करायचे? रक्कम खात्यात पडल्यावर दोन-चार दिवसांत पाच-सात खात्यांत फुटते आणि रोखीने निघून जाते. मालकाने ज्याला कधी पाहिले नाही अशा माणसाविरुद्ध दावा लावावा, ही अपेक्षा त्या परंतुकाने कधीच केलेली नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३००-अ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. जमीन घेतली पण मोबदला तिऱ्हाईताला दिला, तर जमीन फुकट घेतली असाच त्याचा अर्थ होतो.

म्हणून नियम असा हवा. मालकाची लेखी तक्रार आली की जिल्हाधिकाऱ्यांनी दुसऱ्या उपविभागातल्या अधिकाऱ्याकडून ६० दिवसांत मर्यादित चौकशी करून घ्यावी: पैसे घेणारा हा सातबाऱ्यावरचा खातेदार किंवा त्याचा वारस आहे का, एवढाच प्रश्न. फाइलमधला ठसा, जुन्या दस्तांवरचा ठसा, शेजारी खातेदारांचे जबाब आणि बँकेच्या खाते उघडण्याच्या कागदांवरून हे ठरते. त्यासाठी दहा वर्षांचा दिवाणी दावा लागत नाही. उत्तर ‘नाही’ आले तर रक्कम व्याजासह मालकाला द्यावी. वसुली जमीन महसुलाची थकबाकी म्हणून तोतया, ओळख देणारे आणि दोषी कर्मचारी यांच्याकडून करावी. पैसे आणायचे कुठून याचेही उत्तर आहे. भूसंपादन कार्यालये संपादन संस्थेकडून मोबदल्याशिवाय आस्थापना खर्च वेगळा घेतात. संपादनाचे काम नीट करायचे म्हणूनच तो खर्च घेतला जातो, आणि ओळख पटवणे हा त्याच कामाचा भाग आहे. त्यातला ठराविक भाग चुकीच्या वाटपाच्या भरपाईसाठी राखून ठेवावा.

सार्वजनिक पैसा दोनदा जाईल, असे यावर म्हटले जाईल. खातेदारच आपला माणूस तोतया म्हणून उभा करील, पैसे घेईल आणि मग फसवणूक झाली म्हणून पुन्हा मागील, हा धोका खरा आहे. भाऊ पैसे उचलतो आणि दुसरा भाऊ ‘बनावट सही’ म्हणतो, अशी उदाहरणे कमी नाहीत. यासाठीच चौकशी मर्यादित आणि बाहेरच्या अधिकाऱ्याकडून हवी, आणि हिश्शाचे वाद तिच्यातून वगळायला हवेत. शंका राहिली तर रक्कम प्राधिकरणाकडे मुदत ठेवीत ठेवता येते. पण काही जण संगनमत करतील म्हणून सगळ्या खऱ्या मालकांना वाऱ्यावर सोडणे हे उत्तर नाही. पैसा दोनदा जाण्याची भीती कार्यालयाला वाटू लागली, तर पहिल्यांदा देताना ते डोळे उघडे ठेवील. आज ती भीती नाही, कारण दुसऱ्यांदा द्यावे लागतच नाही.

तोतयापेक्षा अवघड प्रकार आहे खोट्या वारसांचा, आणि त्यात सर्वांत जास्त बुडतात बहिणी. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर लागू झाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असण्याची अट नाही हे स्पष्ट केले. पण जुन्या फेरफारांत मुलींची नावे लागलीच नाहीत, किंवा इतर हक्कात टाकून ठेवली गेली. मोबदला आला की वारसांच्या प्रतिज्ञापत्रात ‘आमच्याशिवाय कोणी वारस नाही’ हे वाक्य येते. किंवा बहिणीच्या नावाचे हक्कसोडपत्र येते, ज्यावर उभी असते दुसरीच बाई. मयत खातेदाराच्या नावाचे कुलमुखत्यारपत्र पुढे करणे हाही याच जातीचा प्रकार. माणूस मेला की मुखत्यारपत्र संपते, इतके साधे तत्त्व असूनही ते देणारा जिवंत आहे का हे विचारले जात नाही. इथे २०१३ च्या कायद्याचे कलम २२ उपयोगी पडते. त्या कलमाने जिल्हाधिकारी दावेदाराकडून इतर सर्व हितसंबंधितांची नावे लेखी मागू शकतात. ही यादी सक्तीने घ्यावी आणि रेशनकार्ड, शाळेचे दाखले, मतदार यादी यांच्याशी ताडून पाहावी. ज्या बहिणीचे नाव निघेल तिला सासरच्या पत्त्यावर नोटीस जावी आणि तिचा जबाब भावांच्या गैरहजेरीत घ्यावा. २०२५ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेने मयतांची नावे काढून वारसांची लावली जात आहेत, हे फार गरजेचे काम होते. पण मोहिमेच्या घाईत बहिणी गळाल्या, तर चूक नव्या सातबाऱ्यावर कायम होईल. शेतकरी ओळख क्रमांकाचेही तेच: आधार आणि खाते यांची जोडणी एकदा चुकीची मंजूर झाली, तर पुढचा प्रत्येक अधिकारी तिलाच पुरावा मानेल.

शिक्षेची तरतूद पुरेशी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोतयेगिरीने फसवणुकीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, मौल्यवान दस्त बनावट करण्याला तर जन्मठेपेपर्यंत. त्याउलट भूसंपादन कायद्याच्या स्वतःच्या कलम ८४ मध्ये खोट्या माहितीला फक्त सहा महिने कैद किंवा एक लाख दंड आहे. कोट्यवधींच्या व्यवहारात हा धाक नाही. तरीही मी शिक्षेवर भर देणार नाही. आरोपीला दहा वर्षांनी शिक्षा झाली म्हणून मालकाच्या घरात पैसे येत नाहीत.

गैरहजर मालकांना हा धोका सर्वांत जास्त आहे, म्हणून कोकणातल्या चाकरमान्यांकडे आणि परदेशी गेलेल्या गोवेकरांकडे वेगळे पाहावे लागेल. मुंबई–गोवा महामार्गाच्या पट्ट्यात एकेका सातबाऱ्यावर पन्नास-शंभर सामायिक खातेदार सापडतात, त्यातले निम्मे मुंबई-ठाण्यात आणि बरेच हयात नाहीत. गोव्यात दूर असलेल्या आणि दिवंगत मालकांच्या जमिनी बनावट दस्तांनी हडपल्याचे इतके प्रकार निघाले की २०२२ मध्ये विशेष तपास पथक आणि एकसदस्यीय आयोग नेमावा लागला. ते सगळे भूसंपादनाचे नव्हते, पण जिथे मालक जागेवर नसतो तिथे दप्तर किती सहज वाकवता येते हे त्यातून दिसले. २०१३ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे बाहेर राहणाऱ्या हितसंबंधिताला त्याच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर नोटीस पाठवायची असते. पत्ता सातबाऱ्यावर नाही, म्हणून नोटीस गावच्या पत्त्यावर जाते, परत येते आणि चावडीवर चिकटवली जाते. परत आलेली नोटीस आणि नंतर त्याच नावाने आलेला दावा, या दोन गोष्टी एका फाइलमध्ये दिसल्या तर तपास आपोआप वरच्या पातळीवर जायला हवा.

सरकार हे करील तोवर अशा मालकांनी काही गोष्टी स्वतः कराव्यात. घरातला खातेदार वारला की जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत वारस नोंदीची वर्दी द्यावी आणि बहिणींसकट सगळ्यांची नावे लावावीत. गावाजवळून प्रकल्पाची अधिसूचना निघाली की भूसंपादन अधिकाऱ्याला स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे: गट नंबर, आपले नाव, सध्याचा पत्ता, मोबाइल, सर्व हिस्सेदारांची नावे, आणि ‘आम्ही समक्ष हजर राहून ओळख पटवल्याशिवाय कोणालाही वाटप करू नये’ ही लेखी हरकत. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक सक्षम प्राधिकाऱ्याला, एक तलाठ्याला. पोचपावत्या जपून ठेवाव्यात. अशी हरकत नोंदवलेली असताना वाटप झाले, तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे कार्यालयाला म्हणता येणार नाही, आणि न्यायालयात गेल्यावर त्या पावत्याच सर्वांत आधी वाचल्या जातील.